माळढोक आणि पोटखराबा

पक्ष्यांची मराठी नावे पाहिली की त्यांतून पक्ष्यापेक्षा पाहणाऱ्याविषयीच अधिक कळते, असा आमचा अनुभव आहे. ‘ढोक’ हा शब्द मराठीत पाणथळीच्या मोठ्या, लांब पायांच्या पक्ष्यांसाठी वापरला जातो; ‘चामढोक’ हे त्यातले परिचित उदाहरण. त्याच आकाराचा, पण पाण्याशी संबंध नसलेला एक पक्षी कोरड्या उजाड पठारावर गवतातून संथ पावलांनी चालताना दिसला, तेव्हा कुणा अनाम मराठी माणसाने त्याला माळाचा ढोक म्हटले. राजस्थानात तो गोडावण, गुजरातेत घोराड, मध्य प्रदेशात सोन चिरैया. मराठीने मात्र त्याच्या नावातच त्याचे घर बांधून दिले. माळ नसेल तर माळढोक नाही, हे जीवशास्त्राने सांगण्याच्या कितीतरी आधी भाषेने सांगून ठेवले होते.

नैसर्गिक साधनसंपत्तीचा वापर, वन्यजीवांचे रक्षण आणि माणसाचा विकास यांच्या समतोलाची चर्चा आपल्याकडे बहुधा वाघाच्या आणि घनदाट जंगलाच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न मुद्दाम माळावर आणू इच्छितो. सोलापूर आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतल्या माळढोक अभयारण्याचा इतिहास हा केवळ एका पक्ष्याचा इतिहास नाही. राज्यसंस्था जमिनीला कोणत्या नावाने हाक मारते आणि त्या हाकेचे परिणाम कुणाला भोगावे लागतात, याचाही तो इतिहास आहे. शब्दांचा विचार करणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम असल्यामुळे या विषयात आमच्यासारख्यांनी हस्तक्षेप करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

इंग्रजी अमलापूर्वी दख्खनच्या पठारावरील माळाला एकच एक उपयोग नव्हता. गावाची पांढरी, शेतीची काळी आणि त्यापलीकडे मुरमाड, बरड, खडकाळ अशा नाना नावांनी ओळखली जाणारी जमीन, अशी ती रचना होती. या शेवटच्या जमिनीवर धनगरांची मेंढरे चरत, गावची जनावरे चरत, चांगला पाऊस झालेल्या वर्षी हलके धान्य पेरले जाई आणि वाईट वर्षी ती तशीच सोडली जाई. राज्यकर्त्यांनी घोडदळासाठी राखलेली कुरणे याच भूभागात असत. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या मौखिक परंपरेचा जो अभ्यास केला, त्यात ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी एक जोडी मांडली आहे. एकीकडे पशुपालकांचे भटके जग आणि दुसरीकडे स्थायिक शेतीचे जग. ही दोन जगे एकमेकांपासून वेगळी असली तरी एकमेकांवाचून अपुरी आहेत. मेंढरे शेतात बसवली की शेताला खत मिळते, पीक निघाले की मेंढरांना धसकटे मिळतात. बिरोबा आणि खंडोबा यांसारखी दैवते या दोन्ही जगांत ये-जा करणारी आहेत. तेव्हा माळ म्हणजे शेतीचा अभाव अशी कल्पना त्या जगात असण्याचे कारण नव्हते.

ती कल्पना आली महसुली मोजणीबरोबर. पेशवाई गेल्यानंतर काही वर्षांतच पुणे जिल्ह्यात आर. के. प्रिंगल याने मोजणी व आकारणी सुरू केली. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, हे त्याचे तत्त्व कागदावर निर्दोष होते. प्रत्यक्षात आकारणी इतकी जड झाली की १८३० नंतरच्या वर्षांत इंदापूरसारख्या तालुक्यातून कुणबी जमिनी सोडून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरात नव्याने काम आरंभले. मातीचा रंग आणि खोली पाहून प्रतवारी लावायची, प्रत्येक प्रतीचे मोल आण्यांत ठरवायचे आणि सारा हलका ठेवून तो तीस वर्षे कायम करायचा, अशी ही पद्धत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले आणि मुंबई इलाख्यात ती सर्वत्र पसरली. सारा हलका झाल्यावर सोडलेल्या जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या, हे त्या पद्धतीचे यश म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे.

परंतु या मोजणीचा मातीला प्रश्न एकच होता : तू किती सारा देऊ शकतेस? ज्या जमिनीकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते ती ‘खराबा’ ठरली आणि लागवडीच्या सर्व्हे नंबराच्या पोटात असलेली तशी जमीन ‘पोटखराबा’ ठरली. आजही सातबाराच्या उताऱ्यावर हा शब्द जसाच्या तसा आहे. त्या खराब्यावर कोण चरत होते, कोण अंडी घालत होते, कोणते गवत कोणत्या महिन्यात पिकत होते, यासाठी त्या उताऱ्यात रकाना नव्हता. ‘पडीक’ या शब्दाचीही गत अशीच आहे. शेतकऱ्याच्या तोंडी पडीक म्हणजे यंदा पडून राहिलेली, विसावा घेणारी जमीन. दफ्तरात ती कायमची निरुपयोगी जमीन झाली. इंदापुरातल्या काही जमिनी तर सरकारी आकारणीच्या ओझ्यानेच ओस पडल्या होत्या. म्हणजे दफ्तरातल्या पडीकपणात जमिनीच्या दोषाइतकाच दफ्तराचा दोष मिसळला होता.

त्याच काळात माळढोकाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी या प्रदेशात आली, ती म्हणजे शिकाऱ्याची. कर्नल साइक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये प्रसिद्ध केली आणि मराठी मुलखातील पक्षिशास्त्राचा पाया घातला. त्याच सुमारास, १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत, मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. पक्षिशास्त्रीय लेखनात ती वारंवार उद्धृत केली जाते. हा आकडा क्रौर्याचा तर आहेच; शिवाय एकेकाळच्या विपुलतेचा तो जवळजवळ एकमेव लेखी पुरावाही आहे. आज भारतातल्या सगळ्या मुक्त माळढोकांची बेरीज दीडशेच्या आसपासच, किंबहुना त्याहून कमीच, मानली जाते. मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याची संख्या एकदा घसरली की ती सावरायला पिढ्या लागतात.

स्वातंत्र्यानंतरच्या इतिहासात १९७२ हे वर्ष आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला आणि माळढोकाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात असा दुष्काळ पडला की लाखो माणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडत होती. एकाच वर्षाच्या या दोन घटना महाराष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत कधीही एकत्र आल्या नाहीत. दुष्काळ साहित्यात आला, राजकारणात आला, रोजगार हमीच्या रूपाने कायद्यात आला. वन्यजीव कायदा मात्र दिल्लीहून आलेला, शहरी हौशी मंडळींचा विषय राहिला. दोघांची गाठ पडणार होती ती मात्र एकाच माळावर.

ती पडली सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात, आणि पहिली गाठ सलोख्याची होती. दुष्काळानंतर आखलेल्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात माळाचे काही तुकडे चराई आवरून, गवत वाढू देऊन राखले गेले. हेतू होता माती धरण्याचा आणि चाऱ्याचा. त्या गवतात नाकतोडे आणि भुंगेरे आले, आडोसा आला, आणि माळढोक तेथे वावरताना, घरटी करताना दिसू लागले. माणसासाठी केलेल्या कामाचा लाभ पक्ष्याला न मागता मिळाला. पुढे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी, विशेषतः असद रहमानी यांनी, येथेच या पक्ष्याचे दीर्घ निरीक्षण केले. विकास आणि संरक्षण यांचा समतोल म्हणतात तो कसा दिसतो, याचे एक लहानसे उत्तर या गवताच्या तुकड्यांत होते. ते कुणी वाचले नाही.

कारण १९७९ मध्ये शासनाने केले ते याच्या नेमके उलट. माळढोक अभयारण्य म्हणून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र जाहीर झाले. सोलापूर जिल्ह्याचे एकूण क्षेत्र सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि पलीकडे कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांतली गावे, बाजारपेठा, रस्ते, विहिरी आणि हजारो शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी त्यात आल्या. याच कर्जत तालुक्यात १९८० मध्ये रेहेकुरी येथे काळविटांसाठी जे अभयारण्य झाले त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एकीकडे कुंपण घालता येईल एवढे अभयारण्य, दुसरीकडे नकाशावर हात फिरवावा तसे. मोठ्या अभयारण्यात पक्ष्यासाठी प्रत्यक्ष राखलेले गवत मात्र नान्नजसारख्या मोजक्या तुकड्यांपुरतेच राहिले.

नेमक्या याच वर्षांत भीमा नदीवर उजनीचे धरण पुरे होत होते. १९८० मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी सोलापूर जिल्ह्याचे रूप पालटले. ज्वारीच्या शिवारात ऊस आला, उसामागे कारखाने आले. ज्या पिढीने १९७२ मध्ये खडी फोडली होती तिने पाण्याला नाही म्हणावे, अशी अपेक्षा करणे अमानुष ठरले असते. परंतु एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. एका खात्याने कागदावर माळ राखला आणि दुसऱ्या खात्याने जमिनीवर माळ संपवला, आणि ही दोन्ही खाती एकाच शासनाची होती. समतोल बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा तो कुणीतरी आधी साधला होता असे गृहीत धरतो. येथे तो साधण्याचा प्रयत्नही झाला नाही. दोन नकाशे एका टेबलावर कधी ठेवलेच गेले नाहीत.

कागदावरचे अभयारण्य निरुपद्रवी असते, असेही नाही. वन्यजीव कायद्याच्या विसाव्या कलमानुसार अभयारण्याची अधिसूचना निघाल्यावर त्या हद्दीतल्या जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क संपादन करता येत नाही. हद्दीत गावेच्या गावे असली की या एका वाक्याचा अर्थ फार मोठा होतो. जमिनीची खरेदी-विक्री, रस्ता, उद्योग यांवर सावट येते. लेकीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी एकरभर जमीन काढू पाहणाऱ्याला कळते की आपली जमीन आपली असूनही पूर्णपणे आपली नाही. आमच्या वर्गात ‘बनगरवाडी’ शिकवताना माळाचे वर्णन आले, तेव्हा त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितले होते की त्याच्या घरात माळढोक हा शब्द पक्षी म्हणून नव्हे, तर अडचण म्हणून वापरला जातो. ‘माळढोक लागला’ म्हणजे व्यवहार अडला. त्याने तो पक्षी कधी पाहिला नव्हता. भाषेने ज्या पक्ष्याला घर दिले होते, त्याच पक्ष्याचे नाव त्याच भाषेत तीन-चार दशकांत तक्रारीचा शब्द झाले. ही अर्थच्युती आम्हांला कोणत्याही शास्त्रीय अहवालाइतकी गंभीर वाटते.

असे केवळ महाराष्ट्रातच घडले नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या करेरा येथे १९८१ मध्ये याच पक्ष्यासाठी सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. आरंभी पक्षी वाढले. पण तेथेही खाजगी जमिनींवर निर्बंध आले, गावकऱ्यांचा रोष पक्ष्याकडे वळला आणि १९९० च्या दशकात करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. ज्यांच्या शेतात पक्षी अंडी घालतो त्यांनाच तो नकोसा झाला तर अंड्याचे रक्षण कोणता पहारेकरी करणार?

सोलापुरात या शतकाच्या दुसऱ्या दशकात, सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर, अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. शेतकऱ्यांची दीर्घकाळची मागणी मान्य झाली, पण तोवर पक्षी जवळजवळ गेला होता. आता नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. म्हणजे तीन दशके माणसांनी निर्बंध सोसले आणि पक्ष्यालाही त्याचा लाभ झाला नाही. संरक्षण आणि विकास यांच्या झगड्यात एकाचा जय आणि दुसऱ्याचा पराजय होतो, असे समजण्याची सवय आपल्याला आहे. येथे दोघेही हरले.

देशपातळीवर हा प्रश्न आता नव्या वेशात उभा आहे. पश्चिम राजस्थानात, जेथे उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक आहेत, तेथे सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प उभे राहिले. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्तीर्ण क्षेत्रातल्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. येथे पक्ष्याच्या विरुद्ध बाजूला लोभी शिकारी नाही. पर्यावरणाच्याच नावाने आलेली स्वच्छ वीज आहे. पण ती वीज माळावरच का येते, याचे उत्तर पुन्हा जुन्या दफ्तरात सापडते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळाच्या नावातच विंगेटच्या काळचा तो शब्द होता. जी जमीन पडीक, ती कशालाही द्यायला मोकळी : कारखान्याला, सौर पटलांना, आणि वृक्षारोपणालाही. गवताळ माळावर गिरिपुष्प लावून ‘हिरवाई’ वाढवण्याचे प्रकार खुद्द माळढोकाच्या परिसरात झाले आहेत. उघड्या माळाच्या पक्ष्याला झाडी म्हणजे अडथळा, हे झाड लावणाऱ्या भाबड्या हातांना ठाऊक नव्हते.

याबाबत मराठी साहित्यही सर्वस्वी निर्दोष नाही. आपल्या निसर्गलेखनाची कल्पनाशक्ती प्रामुख्याने जंगलाची आहे. मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण मराठी वाचकाने त्यांना ओळखले ते नवेगावबांध आणि मेळघाट यांच्या अरण्यांमुळे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशचा माळ, मेंढरे आणि दुष्काळ अजरामर केला, पुढे निसर्गलेखक म्हणून मात्र तेही ‘नागझिरा’च्या जंगलात गेले. यात त्या लेखकांचा दोष काढण्याचा हेतू नाही. परंतु ‘ओसाड माळ’ ही जोडी आमच्या पाठ्यपुस्तकांत आणि निबंधांत इतकी रुळली आहे की विशेषण नामाचाच भाग झाले आहे. जे ओसाडच आहे ते नष्ट झाल्याचे दुःख कुणाला होणार? महसूल खात्याचा खराबा आणि आमचा ओसाड माळ, या दोन शब्दांनी एकच काम केले.

या संदर्भात आम्हांला ‘आज्ञापत्रा’ची आठवण होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या या ग्रंथातले झाडांविषयीचे प्रकरण आपण राज्यनीतीचा आणि गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातला युक्तिवाद मात्र सहसा नीट पाहत नाही. आरमाराला लाकूड हवे, ही राज्याची गरज तेथे नाकारलेली नाही. आंबा, फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, हेही मान्य केले आहे. तरीही रयतेने ती अपत्यांप्रमाणे वाढवलेली असतात म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावेच लागले तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, असा दंडक आहे. गरज, मोल आणि संमती या तीन गोष्टी तेथे एकत्र येतात. १९७९ च्या अधिसूचनेत गरज होती; मोल आणि संमती यांचा पत्ता नव्हता. आज्ञापत्राचा काळ हा पर्यावरणाचा सुवर्णकाळ होता, असे आम्ही म्हणत नाही. राखीव कुरणांच्या राखणीत सक्तीही असणारच. पण ज्याच्याकडून घ्यायचे त्याला विचारावे, ही कल्पना मराठी राज्यविचारात परकी नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आजच्या कायद्यातही तिला जागा आहे. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद झाली; खाजगी किंवा सामूहिक जमीन तिच्या धन्यांच्या इच्छेने संरक्षणाखाली आणण्याची ती वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या चराईच्या हक्कांचाही उल्लेख केला आहे. घरट्यांच्या काळात काही शेते आणि गवताचे तुकडे मोकळे ठेवायचे, त्याचा मोबदला शेतकऱ्याला रोख द्यायचा, मेंढपाळांना हंगाम ठरवून चराई द्यायची आणि राखण त्यांच्याच हाती सोपवायची, हे नान्नजच्या जुन्या गवताच्या तुकड्यांनी सुचवलेलेच उत्तर आहे. यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटर लागत नाहीत; योग्य जागी राखलेले थोडे गवत आणि शेजारची राजी माणसे लागतात. या वाटेने गेल्यास सोलापूरचा माळढोक परत येईल, असे आश्वासन देता येणार नाही. जैसलमेरजवळ २०१९ पासून चाललेल्या कृत्रिम प्रजनन केंद्रातली पिल्ले कधीकाळी दख्खनला आणायची ठरली, तरी त्यांना सोडायला माळ उरलेला असला पाहिजे. लांडगा, चिंकारा, काळवीट आणि धनगर यांच्यासाठी तर तो आजच हवा आहे.

आमच्या हाती ना अधिसूचना आहेत, ना कालवे. आमच्या हाती वर्ग आहेत आणि शब्द आहेत. ‘बनगरवाडी’ पुन्हा शिकवताना माळाला ओसाड म्हणण्यापूर्वी थांबावे, सातबाऱ्यावरचा पोटखराबा हा शब्द फळ्यावर लिहावा आणि तो कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला हे विद्यार्थ्यांना विचारावे, एवढे आम्ही ठरवले आहे. त्या वर्गात बसलेल्यांपैकी काही जण उद्या तलाठी होतील, काही वनखात्यात जातील, काही आपल्या वाटणीचा माळ विकायचा की राखायचा हे ठरवतील.